उपरण्याखाली अडीच लाख

मी तापट आहे हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल. धुळ्यात आमच्या गल्लीत माझा आवाज चार घरं ओलांडून जातो असं म्हणतात, आणि ते काही खोटं नाही. त्या आवाजापायीच मी गाडीच्या लिलावात पडले.

माझा धंदा पापड-कुरडयांचा. ज्वारीचे बिबडे, उडदाचे पापड, गव्हाच्या कुरडया, शेवया. मी आणि चार बायका मिळून करतो आणि जळगाव, चाळीसगाव, शिंदखेड्याच्या दुकानांत माल देतो. माल पोचवायला भाड्याचा टेम्पो होता. त्याचा ड्रायव्हर खड्डा दिसला की शोधून त्यात चाक घालायचा. पापड तुटला की संपला. चव तीच राहते, पण तुकडे कोणी पैसे देऊन घेत नाही. एकदा चाळीसगावच्या दुकानदाराने माझ्या पाच पेट्या उघडल्या आणि एकेक पापड माझ्यासमोर उचलून दाखवला. परत आल्यावर मी त्या ड्रायव्हरला भर रस्त्यात असं झापलं की तोही चिडून म्हणाला, "एवढं आहे तर स्वतःची गाडी घ्या ना, बाई."

"घेतेच. बघ तू," मी म्हटलं. बोलून बसले. आता घेणं आलं.

नवी गाडी झेपणार नव्हती. जुन्या गाड्यांचे दलाल गोड बोलायचे आणि भाव मात्र नव्याच्या तोंडात मारेल असा सांगायचे. शेवटी यांनी लिलावाचं काढलं. हे, म्हणजे माझे यजमान, नरडाण्याच्या एका कारखान्यात आहेत. त्यांच्या वाटेवरच एक मोठं आवार आहे, हप्ते थकले म्हणून ओढून आणलेल्या गाड्या तिथे उभ्या करतात. मग त्यांचा लिलाव फोनवर होतो. अनामत भरायची, एक नंबर मिळतो, ठरल्या दिवशी ठरल्या वेळी बोली लावायची. घड्याळ उलटं चालतं. शून्य झालं तेव्हा ज्याची बोली वर, गाडी त्याची.

अटी मी तीन वेळा वाचल्या. गाडी आवारात जाऊन बघता येईल, चालवून बघता येणार नाही. जशी आहे तशी, जिथे आहे तिथे. घेतल्यावर तक्रार चालणार नाही. मागचा दंड, कर काही निघाला तर तो घेणाऱ्याच्या डोक्यावर. मी ज्वारीच्या पोत्यातसुद्धा कोपरापर्यंत हात घातल्याशिवाय पोतं उचलत नाही, आणि इथे तर माझी चार वर्षांची बचत होती. पण भाव बघितला की जीव खाली-वर व्हायचा. बाजारात साडेतीन लाखांना मिळणारी गाडी तिथे अडीचच्या आसपास जात होती. "धोका आहे म्हणून तर स्वस्त आहे," हे म्हणाले. एरवी हे फार कमी बोलतात, पण बोलले तर असं बोलतात.

त्याच दिवसांत आबा माझ्याकडे होते. आबा म्हणजे माझे वडील. गावी असताना त्यांना अर्धांगाचा झटका आला, उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. व्यायाम आणि औषधपाणी धुळ्यात होतं म्हणून मी त्यांना माझ्या घरी आणलं. वर्ष झालं होतं. या वर्षात त्यांच्या तोंडून एकच शब्द निघायचा, "तठे". आमच्या अहिराणीत तठे म्हणजे तिथे. भूक लागली तरी तठे, पाणी हवं तरी तठे, पंखा बंद करायचा तरी तठे. सुरुवातीला मी त्या शब्दामागे धावायची. कुठे आबा, कुठे तठे? मग हळूहळू धावणं सोडलं. पारव्याच्या घुमण्याकडे कोणी किती दिवस लक्ष देईल!

डॉक्टरांना विचारलं, यांना समजतं का सगळं? ते म्हणाले, नक्की सांगता येत नाही. माझा धाकटा भाऊ मात्र नक्की सांगायचा. तो गावी शेती बघतो, दर रविवारी भेटायला यायचा, आबांच्या पायाशी बसायचा आणि त्यांच्या देखत मला म्हणायचा, "अक्का, आबाले आते काही समजत नही. आपलं समाधान म्हणीसन बोलानं." वाईट मनाने नाही म्हणायचा. म्हणताना त्याचेच डोळे भरायचे. पण म्हणायचा.

मला त्याचा राग यायचा. रागाचं खरं कारण मला उशिरा कळलं. मीही तेच करत होते. "आबांनी आज जेवण केलं नाही," असं मी आबांसमोर दुसऱ्याला सांगायची. भाजी कोणती करू, हे त्यांना विचारायचंच सोडलं होतं. माणूस खुर्चीत बसलेला आणि आपण त्याच्याबद्दल तो तिथे नसल्यासारखं बोलायचं. रोज केस विंचरताना मी त्यांच्या डोळ्यांत बघायची आणि एकच गोष्ट शोधायची, आबा आत आहेत की नाहीत. उत्तर मिळायचं नाही.

आबा बैलबाजारातले. आयुष्यभर त्यांनी जनावरांच्या सौद्यात मध्यस्थी केली, आमच्याकडे त्याला हेडी म्हणतात. घेणाऱ्याचा आणि देणाऱ्याचा, दोघांचा विश्वास त्यांच्यावर. गाडी मात्र त्यांनी कधी घेतली नाही, चालवलीही नाही. सायकलसुद्धा हातात धरून चालायचे.

गाड्या बघायच्या दिवशी आबांना घरी कोणाजवळ ठेवायची सोय नव्हती. म्हणून त्यांना रिक्षात घातलं, चाकाची खुर्ची घडी करून मागे बांधली आणि आमच्या गल्लीतल्या गाड्यांच्या मिस्त्रीला सोबत घेऊन नरडाण्याला गेले. आवारात शे-दीडशे गाड्या धूळ खात उभ्या. कितीतरी गाड्यांवर अजून वाळलेले लिंबू-मिरची लटकत होते. एकीच्या दर्शनी काचेवर कोणी लेकराने चिकटवलेली चांदणी होती. हे मला आधी कोणी सांगितलं नव्हतं. फोटोत गाडी नुसती गाडी असते. तिथे गेल्यावर कळतं की ही कोणीतरी हळदकुंकू लावून, नारळ फोडून घरी नेली होती, आणि तिच्या घरातून ती ओढून आणली आहे. पाच मिनिटं माझे पाय जड झाले. मग मी स्वतःला म्हटलं, बाई, तू नाही घेतलीस तर दुसरा घेईल. हे खरं आहे, पण त्याने पाय हलके झाले असं नाही.

यादीतल्या दोन छोट्या मालगाड्या आम्ही निवडल्या होत्या. एक पांढरी, धुऊन-पुसून उभी केल्यासारखी, आतल्या सीटवर नवं कव्हर. दुसरी धुळीने माखलेली, मागच्या फळ्यांवर ओरखडे, ड्रायव्हरची सीट फाटलेली आणि जाड दोऱ्याने हाताने शिवलेली. मिस्त्री पांढरीभोवती दोनदा फिरला, खाली वाकला, बॉनेट उघडून घेतलं आणि म्हणाला, "ताई, डोळे झाकून हीच घ्या."

मी आबांची खुर्ची ढकलत मागून चालले होते. त्या धुळकट गाडीपाशी खुर्चीचं चाक खडीत अडकलं. आबांनी डावा हात लांब केला आणि गाडीच्या पुढच्या टायरवर ठेवला. बोटं नक्षीवरून इकडून तिकडे फिरवली. मग उघड्या दारातून ते बराच वेळ आत बघत राहिले, ब्रेकच्या पायपट्टीकडे, शिवलेल्या सीटकडे. आणि म्हणाले, "तठे."

"हो आबा, तठेच," मी म्हटलं आणि खुर्ची पुढे ढकलली. पाणी हवं असेल म्हणून बाटली तोंडाला लावली. त्यांनी तोंड फिरवलं. मला वाटलं, उन्हाने कावले.

लिलाव मंगळवारी दुपारी होता. हे कामावर. बायकांना मी सुट्टी दिली होती, कारण बोली लावताना माझं डोकं फिरलं तर कोणावर तरी निघालं असतं. ओसरीत आबांच्या खुर्चीला लागून मी पाट घेतला, फोन समोरच्या स्टुलावर टेकवून ठेवला. आधी पांढरी गाडी लागणार होती, तिच्यामागे अर्ध्या तासाने धुळकट. पांढरीचा फोटो आला. माझा अंगठा बोलीच्या चौकोनावर जायला आणि आबांचा डावा हात माझ्या हातावर पडायला एकच गाठ पडली.

मी हात सोडवला. त्यांच्या हाताला कधीकधी असा झटका यायचा. पुन्हा हात आला. या वेळी त्यांनी स्वतःच्या खांद्यावरचं उपरणं ओढलं, ते घसरून आमच्या दोघांच्या हातांवर पडलं, आणि उपरण्याखाली त्यांची बोटं माझी बोटं शोधू लागली.

इथे मला थांबून सांगितलं पाहिजे. बैलबाजारात भाव तोंडाने बोलत नाहीत. चार लोक ऐकतात, सौदा बिघडतो. म्हणून घेणारा आणि देणारा उपरण्याखाली हात घालतात. एक बोट धरलं तर एक, दोन धरली तर दोन, अख्खा पंजा धरला तर पाच. बोट मधल्या पेराशी मोडून धरलं तर अर्धा. सोडून पुन्हा धरलं तर खालच्या घरातला आकडा. शेकडा की हजार तेवढं तोंडाने ठरवून घ्यायचं. आणि सौदा नको असेल तर हात काढून घ्यायचा. ही बायकांची विद्या नव्हे, बाजारात बाई जायचीच नाही. पण मी लहान असताना आबा ओसरीवर शेंगा फोडत बसले की मला जवळ घ्यायचे, दोघांच्या हातांवर उपरणं टाकायचे आणि खोटे खोटे सौदे करायचे. मी त्यांना आमची मांजर विकली आहे, आईची शिलाई मशीन विकली आहे. भावाला या खेळाचा कंटाळा यायचा, तो पळून जायचा. मला मात्र सगळं पाठ होतं.

त्या दुपारी उपरण्याखाली आबांचा हात माझ्या हाताला लागला आणि पांढऱ्या गाडीच्या फोटोकडे बघत त्यांनी तो सरळ काढून घेतला. मांडीवर नेऊन ठेवला.

मी म्हटलं, "आबा, ही नको?" हात मांडीवरच. फोनवर आकडे चढत होते, मिस्त्रीचं "डोळे झाकून घ्या" कानात होतं. मी धुळकट गाडीचा फोटो काढून त्यांच्यासमोर धरला. "आबा, ही?"

हात परत उपरण्याखाली आला. माझी दोन बोटं धरली. सोडली. मग तिसरं बोट मधल्या पेराशी मोडून धरलं.

"अडीच? आबा, लाखाचं का?"

त्यांनी दाबलं. असं दाबलं की मला दुखलं.

आता खरी परीक्षा होती आणि ती गाडीची नव्हती. तो हात खरंच बोलत असेल तर आबा आत होते. तो नुसता झटका असेल, आणि मीच आशेपायी त्यात आकडा वाचत असेन, तर माझी बचतही जाणार होती आणि आबाही. दोन्ही एकाच दुपारी. मी पांढरीवरचा अंगठा उचलला. पांढरी दुसऱ्या कोणाकडे गेली. मी बघितलंही नाही कितीला गेली.

धुळकट गाडी लागली तेव्हा माझा डावा हात उपरण्याखाली आणि उजवा फोनवर. दीडपासून सुरुवात झाली. चौघे-पाच जण होते, कोणाचं नाव नाही, नुसते नंबर. दोनच्या पुढे बाकीचे गळले आणि एक नंबर चौदा उरला. हा चौदा नंबरवाला कोण होता देव जाणे! मी पाच हजार वाढवले की तो लगेच पाच हजार वाढवायचा, माझं बोट उचललं जायच्या आत. रावेरचा केळीवाला असेल, नाशिकचा दलाल असेल, ओसरीवर बसलेली माझ्यासारखीच कोणी बाई असेल. मी त्याला तोंडाने शिव्या देत होते आणि आबांची बोटं माझ्या बोटांवर तशीच होती, शांत. मी अडीच लावले. चौदा नंबरने दोन पंचावन्न केले. घड्याळात तीन मिनिटं.

"आबा, वर जायचं का?"

आबांनी हात काढून घेतला. नुसता काढला नाही. उपरणं झटकून खांद्यावर टाकायचा प्रयत्न केला, मान भिंतीकडे वळवली आणि चेहरा असा केला की गाडी काय, दुनियेतली कुठलीच चीज यांना नको.

आणि मला हसू फुटलं, कारण तो चेहरा मी ओळखत होते. बाजारात शेवटचा भाव देऊन झाला की आबा असेच उठायचे, उपरणं झटकायचे आणि चालू लागायचे. मागे वळून बघायचे नाहीत. दहा पावलं, पंधरा पावलं. मग मागून हाक यायचीच, "ओ आबा, या, या, बसा!" आबांना हे कोणी शिकवलेलं नव्हतं, ते त्यांच्या रक्तात होतं. ते तिथे होते. माझे आबा, अख्खे, भिंतीकडे तोंड करून बसले होते. मला रडू आलं, हसू आलं, मी त्यांचा गुडघा धरून बसले. मीही फोनकडे पाठ केली. थांबायचं, हाक येईल. शिकलेली, धंदा करणारी, तीन वेळा अटी वाचलेली बाई मी. पण त्या तीन मिनिटांत मी शेंगा फोडत बसलेली दहा वर्षांची पोर झाले होते.

फोन टिंग करून वाजला. लिलाव संपला होता. गाडी चौदा नंबरला. पाच हजारासाठी.

मी शहाण्यासारखी वागले असं सांगायला मला आवडलं असतं. मी वागले नाही. मी उठले, पाटाला लाथ मारली आणि ओरडले, "अहो आबा, पलीकडे माणूस नाही! घड्याळ आहे ते, घड्याळ! कोण मारणार होतं हाक? तुम्हाला काही समजत नाही!"

चार घरं ओलांडून गेलं असेल. भावाचं वाक्य, जसंच्या तसं, माझ्या तोंडून. दोन मिनिटांपूर्वी ज्यांचा गुडघा धरून रडत होते त्यांनाच मी हे बोलले. आबांनी मान भिंतीकडून वळवली. मला वाटलं माझ्याकडे बघतील. ते माझ्याकडे बघत नव्हते. ते फोनकडे बघत होते. हाकेची वाट बघत होते.

मी खाली बसले आणि त्यांच्या पायावर डोकं ठेवून पुष्कळ रडले. त्यांचा डावा हात माझ्या केसांवर आला. "तठे," ते म्हणाले.

पुढचे चार-पाच दिवस फोन वाजला की आबांचे डोळे माझ्या आधी फोनकडे जायचे. गॅस सिलिंडरचा फोन असो, कर्ज हवं का विचारणाऱ्या पोरीचा असो. मी फोन ठेवला की ते परत वाट बघू लागायचे. मी त्यांना समजावलं, गाडी गेली आबा, दुसरी बघू. ऐकल्याचं चिन्ह नाही. आता मात्र मी त्यांना विचारू लागले होते. भाजी कोणती करू, वांगं की गिलकं? उपरणं टाकायचं, एक बोट वांगं, दोन बोटं गिलकं. एकदा त्यांनी पंजाच धरला. पाच भाज्या कुठून आणू! मग लक्षात आलं, आबा थट्टा करत होते.

रविवारी भाऊ आला. मी त्याला सगळं सांगितलं. तो ऐकून घेत होता, पण चेहऱ्यावर तीच दया होती, आता माझ्यासाठी. "अक्का, तुले तसं वाटनं व्हई," तो हळूच म्हणाला. मी चिडून उपरणं त्याच्या अंगावर टाकलं. "घाल हात, विचार!" त्याने हात घातला नाही. उपरणं घडी करून आबांच्या खुर्चीच्या हातावर ठेवलं.

तेवढ्यात फोन वाजला. रविवार असल्याने मला वाटलं कोणी नातेवाईक असेल. पलीकडून एक माणूस सभ्य आवाजात म्हणाला, "मॅडम, तुम्ही अमुक गाडीला बोली लावली होती. वरच्या बोलीवाल्याने मुदतीत पैसे भरले नाहीत. दुसरी बोली तुमची आहे. तुमच्या बोलीला गाडी हवी असेल तर द्यायला तयार आहोत."

अटींमध्ये हे होतं, शेवटून तिसऱ्या ओळीत. मी तीन वेळा वाचूनही ते डोक्यात गेलं नव्हतं. मी फोनचा आवाज मोठा केला, स्टुलावर ठेवला. "आबा," मी म्हटलं, "हाक आली."

आबांनी डावा हात पुढे केला. भावाने ठेवलेलं उपरणं मी त्यावर टाकलं आणि हात आत घातला. मी अडीचची वाट बघत होते. आबांनी दोन बोटं धरली. सोडली. मग एक. मग हात शांत.

"आबा, दोन दहा?"

दाबलं.

मला हसू आवरेना. मी फोनकडे तोंड करून म्हटलं, "साहेब, आमच्याकडून दोन लाख दहा हजार."

पलीकडचा माणूस गोंधळला. "नाही नाही मॅडम, असं नसतं. तुमची बोली अडीचची आहे. तेवढ्यालाच मिळेल. यात घासाघीस नाही होत."

आबा ऐकत होते. त्यांच्या तोंडाची डावी बाजू वर गेली. वर्षभरात पहिल्यांदा मी त्यांना असं हसताना बघत होते, अर्ध्या तोंडाने, पण बाजारातलं हसू. कोणी नाही म्हणालं की ते असेच हसायचे आणि म्हणायचे, "मांगी देखाले काय जास?" मागून बघायला काय जातं. शब्द नव्हते, पण मी ते ऐकलं. भावानेही ऐकलं असावं, कारण तो उठून उभा राहिला होता.

उपरण्याखाली दोन बोटं, आणि तिसरं मधल्या पेराशी मोडलेलं. अडीच. मग आबांनी माझा तळहात उताणा केला आणि त्यावर आपला तळहात आपटला. सौदा झाला की तसं करतात.

"घेतली," मी म्हटलं.

गाडी आणायला गेले तेव्हा बॅटरी मेलेली होती. पुढे दोन महिन्यांत क्लचप्लेट बदलावी लागली, मागच्या मालकाच्या नावचा दंड निघाला तो भरावा लागला, आणि कागदपत्रं माझ्या नावावर होईपर्यंत ऑफिसात चकरा मारून मारून चप्पल झिजली. स्वस्त गाडीचा सगळा हिशेब मांडला तर ती फार स्वस्त पडली असं म्हणता येणार नाही. ती पांढरी गाडी धुळ्यातच कोणाकडे आहे, मला कधीकधी पारोळा रस्त्याला दिसते. उत्तम चालते. आबांचं चुकलं असेल, मिस्त्रीचं बरोबर असेल. लोक मला विचारतात, लिलावात घ्यावी का? मी म्हणते, बघायला जा, उन्हात उभे राहा, सगळ्या अटी शेवटच्या ओळीपर्यंत वाचा, आणि दुरुस्तीचे पैसे आधी बाजूला काढून ठेवा. पापड आता तुटत नाहीत हे मात्र खरं. मीच चालवते, आणि खड्डा बघून चालवते. ती हाताने शिवलेली सीट मी बदललेली नाही. शिवण ज्याची असेल त्याचा हात चांगला होता.

पण हे सगळं नंतरचं. त्या रविवारी मी फोन ठेवला तेव्हा भाऊ आबांसमोर खाली बसला, मांडी घालून, लहानपणी कधी बसला नाही तसा. उपरणं अजून आबांच्या हातावर होतं. त्याने भीतभीत त्याखाली आपला हात घातला.

"आबा," तो म्हणाला, "माले येत नही. माले शिकाड."

आबांनी त्याचं पहिलं बोट धरलं आणि थांबले.

"एक," भाऊ म्हणाला.